छोटेलालच्या नावाच्या बांगड्या

नोंदीत: वादी देवकाबाई, भोजराजची विधवा, राहणार कामठा. प्रतिवादी छोटेलाल, भोजराजचा धाकटा भाऊ. वाद धानाच्या शेतीचा. साल १९५४. वादीतर्फे वकील शामकलाबाई.

नोंदीत नाही: शामकलाबाई म्हणजे मी.

सकाळी कामठ्याहून येताना छोटेलालने माणसं घेऊन, सायकल आडवी घालून आमची बैलगाडी अडवली. दोघांनी देवकाबाईचे हात धरले. सोबत आणलेल्या बांगडीवाल्याने खाली मान घालून तिच्या हातांत हिरव्या बांगड्या चढवल्या. आमच्याकडे विधवेचा पाट असाच लागतो. चार माणसांसमोर बांगड्या भरल्या की ती त्या माणसाची बायको. आणि पाट लागला की पहिल्या नवऱ्याच्या शेतीवरचा तिचा हक्क कायद्यानेच संपतो.

मी ओरडले का? नाही. काळा कोट ठेवलेली पिशवी छातीशी धरून बसले.

गाडी सुटल्यावर मी म्हणाले, "फोडून टाका."

देवकाबाईने हात पदरात लपवले. "जितेपणी फोडतेत काय कोणी, बाई? ज्याच्या नावाच्या, तो मानूस मरते."

"तो तुमचा माणूस नाही."

"भरल्या त त्यानंच ना."

नोंदीत: पाट राजीखुशीने लागला, असं प्रतिवादीचं म्हणणं. वादीला हात दाखवण्यास सांगितलं. हातांत बांगड्या आहेत.

नोंदीत नाही: साक्षीच्या पिंजऱ्यात चढताना छोटेलाल माझ्याजवळ वाकला. "वकीलबाई, वापस कधी जाऊन राहिल्या? येतो सोडाले."

नोंदीत: उलटतपासणी.

प्रश्न: या बांगड्या तुमच्या नावाच्या?

उत्तर: हो. माझ्याच.

नोंदीत नाही: पुढचा प्रश्न माझ्याकडे नव्हता. कानात फक्त देवकाबाईचा गाडीतला आवाज होता. मानूस मरते. छोटेलालही त्याच गावचा, तोही हेच मानणारा.

"देवकाबाई," मी म्हणाले, "हात कठड्यावर घ्या. फोडा."

तिने माझ्याकडे पाहिलं. खून करायला सांगितल्यासारखं. मग हात उचलले. कठड्याला लागायच्या आधीच बांगड्या वाजू लागल्या.

"काऊन? कायले फोडून राहिली?" छोटेलालचं तोंड पांढरं पडलं. "वैनी! थांब, वैनी!"

न्यायाधीश साहेबांनी मान वर केली. "वहिनी की बायको?"

"नाही लागला पाट, साहेब! माझ्या नावाच्या नाहीत त्या! जबरीनं भरल्या. तिले हात खाली घे म्हना ना!"

नोंदीत: पाट लागला नसल्याचं प्रतिवादी कबूल करतो.

शेत देवकाबाईकडे राहिलं. नोंद इथे संपते.

कोर्टाच्या विहिरीवर साबण लावून बांगड्या उतरवल्या. एक उतरेना. हात सुजला होता. ती तशीच घालून गावात शिरलो, तर उद्या पुन्हा चार माणसं उभी राहणार.

"आता ती त्याच्या नावाची नाही," मी म्हणाले. "त्यानेच सांगितलं."

"मंग तुमीच फोडा, बाई."

मी दगड उचलला. नागपूरला कायदा शिकलेली मी. दगड खाली येईना. मला डोळ्यांसमोर वाटेवर आडवी पडलेली छोटेलालची सायकल दिसत होती, आणि बाजूला तो मेलेला, डोळे उघडे.

देवकाबाईने डोळे मिटले. मीही मिटले.

आवाज अगदी लहान झाला.

डोळे उघडले, तर फाटकापाशी छोटेलाल. त्याने ऐकलं होतं. सायकल घेऊन निघाला, पण वर बसला नाही. हातात धरून, खड्डे बघत, ढकलत चालला.

कामठ्याला जायचा दुसरा रस्ता नव्हता. गाडी जुंपली आणि त्याच्या मागे, अंतर ठेवून, निघालो. तो सारखा वळून बघायचा. तो वळला की देवकाबाई माझा हात घट्ट धरायची.

एकदा तो दगडाला ठेचकाळला. आम्हा दोघींच्या तोंडून एकदमच निघालं, "अगं बाई!"

सावरला. मी श्वास सोडला. सकाळी याच माणसाने गाडी अडवली होती, आणि आता मी मनात एकच म्हणत होते, पडू नको रे बाबा. घरापर्यंत पडू नको.