विकतच्या उंदराचा फोटो

मित्रांनो, मी एक जुना कॅमेरा आहे, आणि मी रागावलेलो आहे. हे आधीच सांगून टाकतो. म्हातारी वस्तू बोलायला लागली की ती उसासे टाकत बोलणार, असं तुम्हाला वाटत असेल तर ते विसरा. त्या गोष्टीला पंचवीसेक वर्षं झाली. माझ्यावर धूळ चढली, पट्टा तुटला, पण राग काही उतरला नाही.

माझा जन्म जपानमधल्या एका कारखान्यात झाला. पांढरे हातमोजे घातलेल्या एका बाईंनी माझं शटर शंभर वेळा उघडझाप करून पाहिलं आणि मान डोलावली. ती माझी पहिली शाबासकी. मग जहाज, मग आगगाडी, आणि शेवटी कॅनडातल्या सस्कॅटून शहरातल्या एका दुकानाची काच. तिथून मला नेटी प्रोकोपचुक घेऊन गेली. नेटी गव्हाच्या शेतावर राहणारी बाई. दोन वर्षं दुधावरची साय विकून तिने पैसे साठवले होते. ते कपडे धुवायच्या यंत्रासाठी आहेत, असा तिचा नवरा ओरेस्ट याचा समज होता.

"यंत्र आणायला गेलीस आणि हे डबडं घेऊन आलीस?" त्याने विचारलं.

"कपडे मी हाताने धुतेच आहे," नेटी म्हणाली. "ते तुला कधी दिसलं नाही. आता फोटोत दिसेल."

आणि खरंच, आम्ही काढलेला पहिला फोटो ओरेस्टच्या लांब लोकरी चड्डीचा. जानेवारीत दोरीवर वाळत घातलेली ती चड्डी गोठून फळीसारखी ताठ उभी होती. पुढे सत्तावीस वर्षं आम्ही त्या माळावरचं सगळं टिपलं. गारपिटीने झोपलेला गहू टिपला. तळ्यातून एकदम उठलेली हजारो बदकं टिपली. गावाचं नाव रंगवलेलं धान्याचं उंच लाकडी कोठार टिपलं, आणि ते पाडलं त्या दिवशी त्याच्या जागी उरलेलं नुसतं आकाशही टिपलं. प्रेअरीत, म्हणजे या सपाट गवताळ मुलखात, बघण्यासारखं काही नाही, असं म्हणणारे लोक गाडीतून ताशी शंभरच्या वेगाने जातात. त्यांना काय दिसणार, कपाळ?

नेटी मला जिवापाड जपायची. उणे तीस अंशात ती मला कोटाच्या आत, छातीशी धरायची. परत आल्यावर एकदम उबेत न्यायची नाही. पिशवीत घट्ट बांधून ओसरीत ठेवायची आणि हळूहळू गरम होऊ द्यायची, नाहीतर माझ्या पोटात पाणी धरतं. तिचा एकच नियम होता. ती म्हणायची, "आपण त्यांच्या घरी आलोय. गप बसायचं. कुणी आलं तर आलं, नाही आलं तर घरी जाऊन चहा प्यायचा."

या नियमावर आम्ही एका घुबडासाठी तीन हिवाळे काढले. पांढरं घुबड. ते उत्तरेकडच्या बर्फातून थंडीत आमच्याकडे उतरतं आणि भर दिवसा शिकार करतं. नेटीच्या कुंपणाच्या कोपऱ्यातल्या खांबावर एक मादी दरवर्षी येऊन बसायची. छातीवरचा एक काळा पट्टा मधेच तुटलेला, म्हणून ओळखू यायची. नेटी तिला 'पाहुणी' म्हणायची. तिसऱ्या हिवाळ्यात पाहुणीने फक्त मान वळवून आमच्याकडे पाहिलं आणि नेटीने बटण दाबलं. फोटोत घुबड तुमच्या अंगठ्याच्या नखाएवढं आहे. नेटी त्या दिवशी वाटभर गुणगुणत आली.

मग ओरेस्ट गेला. नेटीचे हात कापायला लागले, डोळ्यांत मोतीबिंदू आला. तिने मला आपल्या भाच्याच्या, डॅरेल ह्युमेन्यूकच्या गळ्यात घातलं. चाळिशीचा गडी, ट्रॅक्टरचे सुटे भाग विकायचा.

"नियम माहीत आहे ना?" तिने विचारलं.

"पाठ आहे, आत्या," डॅरेल म्हणाला. "गप बसायचं आणि चहा प्यायचा."

नुसता पाठच होता.

आमच्या गावात ऑक्टोबरमध्ये सुगीचं जेवण असतं. सगळं गाव सभागृहात जमतं, आणि पुढच्या वर्षीच्या गावच्या कॅलेंडरसाठी फोटो निवडतं. भिंतीवर फोटो, प्रत्येक फोटोखाली कॉफीचा रिकामा डबा. आवडेल त्या डब्यात वाळलेला वाटाणा टाकायचा. ज्याचे वाटाणे सगळ्यांत जास्त, त्याला जानेवारीचं पान. आता हसू येईल तुम्हाला, पण त्या जानेवारीच्या पानासाठी सख्खे भाऊ एकमेकांशी बोलायचे थांबले आहेत. डॅरेलला चार वर्षं ते पान हुलकावणी देत होतं. एकदा तर त्याच्या डब्यात सात वाटाणे निघाले, आणि त्यातले पाच आत्याचे होते.

त्या फेब्रुवारीत तो शहरात गेला आणि पाळीव प्राण्यांच्या दुकानातून भोकं पाडलेला एक पुठ्ठ्याचा खोका घेऊन आला. आत उंदीर होते. तो मला घेऊन नेटीच्या कुंपणालगतच्या रस्त्यावर गेला, पिकअप थांबवली, खिडकी खाली केली आणि एक उंदीर बर्फावर फेकला.

पाहुणी खांबावरून सुटली ती सरळ आमच्याकडे आली. पंख ताणलेले, नखं पुढे, पिवळे डोळे थेट माझ्या भिंगात. तिच्यासाठी मी तीन हिवाळे गारठलो होतो, आणि ती अशी आली. उंदरासाठी! त्याने बटण दाबलं आणि माझं शटर उघडलं. मला नाही म्हणता येत नाही, मित्रांनो. मी वस्तू आहे. पण शरम वाटायला माणूसच असावं लागतं, असं कुणी सांगितलं?

बरं, एका फोटोवर त्याचं भागलं असतं तर! तो अकरा दिवस आला. अकरा उंदीर. गाडी थांबली की जेवण पडतं, हे पाहुणीला कळायला कितीसा वेळ लागणार? सहाव्या दिवसापासून ती खांब सोडून रस्त्याकडेच्या विजेच्या खांबावर येऊन वाट बघायला लागली. डॅरेल हसून म्हणाला, "बघा, हजेरी लावते." मला तो हीटरच्या झोतासमोर ठेवायचा. माझ्या पोटात पाणी धरलं, एका कोपऱ्यात बुरशी आली. ते मी विसरलो असतो.

तीन मार्चला पाहुणी रस्त्यावर मेली. गावातल्या लेन डिकचा धान्याचा ट्रक होता. लेनने नेटीला बोलावलं, नेटीने डॅरेलला. मी त्याच्या गळ्यातच होतो. नेटी गुडघ्यावर बसली आणि त्या तुटक्या पट्ट्यावरून तिने बोट फिरवलं.

"ही कधी रस्त्याकडे फिरकायची नाही," ती म्हणाली. "कशी काय आली?"

लेन टोपी हातात धरून उभा होता. "माझंच चुकलं, नेटीताई," तो म्हणाला. "मी जपून चालवायला हवं होतं."

आणि डॅरेल, करून सवरून नामानिराळा, काय म्हणाला? "म्हातारपण, आत्या. डोळे गेले असतील तिचे."

नेटीने मान हलवली. "माझ्यासारखेच," ती म्हणाली.

त्या क्षणी मला तोंड असतं ना, तर मी त्या माळावर असा ओरडलो असतो की पलीकडच्या गावातली कुत्री उठली असती. पण मला तोंड नाही. माझ्याकडे होता तो फक्त एक फोटो.

ऑक्टोबर आला. सभागृहात टर्की भाजल्याचा वास, कोबीत गुंडाळलेल्या भाताची पातेली, भोपळ्याचं गोड सारण भरलेल्या पेस्ट्र्यांची रांग. भिंतीवर मधोमध डॅरेलचा फोटो, दरवाजाएवढा. लोक येत होते, आ वासत होते, वाटाणे टाकत होते. डबा भरला, समितीच्या आयडेला बाईंनी दुसरा आणून ठेवला. डॅरेल मला गळ्यात मिरवत शेजारी उभा होता. "नशीब लागतं," तो प्रत्येकाला सांगत होता. "आणि धीर."

नेटी स्वयंपाकघरात बटाटे कुस्करत होती. सगळ्यांत शेवटी ती एप्रनला हात पुसत आली. डोळ्यांमुळे ती आता खिशात भिंग बाळगायची. आधी तिने घुबडाच्या छातीवरचा तुटका पट्टा पाहिला. मग भिंग खाली सरकलं.

"डॅरेल, हा उंदीर कुठला रे?"

"कुठला म्हणजे? रानातला."

"रानातला? याच्या पाठीवर गाईसारखे ठिपके आहेत. सत्तर वर्षं मांजरांनी आणलेले उंदीर मी दारातून उचलून टाकतेय. असला ठिपक्यांचा एकही नव्हता."

"शहरातून सुटीला आला असेल," लेन म्हणाला, आणि लोक हसले.

"मग चालत नाही आला," नेटी म्हणाली. "त्याच्या भोवतीचा बर्फ बघ. एक पाऊल नाही. आभाळातून पडला?"

हसणं थांबलं. हातच्या काकणाला आरसा कशाला? सगळं माझ्या फोटोतच होतं, कुणी नीट पाहिलं नव्हतं इतकंच. डॅरेलने जे सगळ्यांपासून लपवलं होतं, ते मी टिपलं होतं.

"आत्या, सगळेच करतात," डॅरेल म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते. "आणि मी वाईट काय केलं? जेवायलाच दिलं ना तिला?"

नेटीने जेवणाच्या टेबलाकडे हात केला. "टर्कीलाही आपण वर्षभर हाताने दाणे घातले. ती बघ, ताटात आहे."

तेवढ्यात लेन पुढे आला. तो आता हसत नव्हता. "त्या दिवशी ती विजेच्या खांबावर दिसली, म्हणून मी ट्रक हळू केला होता," तो म्हणाला. "घाबरेल म्हणून. मी हळू केला आणि ती खाली उतरली." त्याने डॅरेलकडे पाहिलं. "सात महिने मला झोप नाही, डॅरेल. तुला माहीत होतं. तू माझ्याबरोबर कॉफी पीत होतास."

डॅरेल गप्प बसला. नियमातला तेवढा भाग त्याला शेवटी जमला.

आयडेला बाई डबे उचलायला लागल्या. "हे वाटाणे रद्द करू या," त्या म्हणाल्या.

"नको," नेटी म्हणाली. "गावाने टाकलेत. जानेवारीचं पान यालाच द्या. खालचा मजकूर मात्र मी लिहीन." मग तिने डॅरेलसमोर हात पसरला. "दे तो कॅमेरा."

कापऱ्या हातांनी तिने मला घेतलं आणि एप्रनच्या आत, छातीशी धरलं.

जानेवारीत गावातल्या प्रत्येक स्वयंपाकघरात ते पान लागलं. खाली लिहिलं होतं: 'या घुबडाला आमच्यापैकी एकाने विकतचे उंदीर घालून रस्त्यावर यायला शिकवलं. ते तीन मार्चला रस्त्यावर मेलं. फोटो डॅरेल ह्युमेन्यूक. कॅमेरा मी दिला होता. नेटी प्रोकोपचुक.' स्वतःचं नाव घालू नकोस म्हणून आयडेला बाईंनी दोनदा फोन केला होता. तिने ऐकलं नाही. काही घरांनी दहा तारखेलाच फेब्रुवारीचं पान उघडलं. लेनने मात्र महिनाभर उलटलं नाही. डॅरेल त्या हिवाळ्यात आत्याच्या वाटेवरचा बर्फ काढायला न चुकता यायचा, पण आत यायचा नाही.

तिनेही एक फोटो काढला, शेवटचा. मला कोटात घालून ती कुंपणाशी गेली, बसली, दोन तास बसली. कुणी आलं नाही. उठण्याआधी तिने तो रिकामा खांबच टिपला. हात हलल्यामुळे तो जरा धूसर आहे.

आता नेटी नाही. मी गावच्या छोट्या संग्रहालयात काचेमागे आहे, शेजारी तो फोटो आहे. शाळेतली मुलं येतात आणि विचारतात, "यात काय आहे? नुसता खांब?" आणि हातातला फोन वर करून माझाच फोटो काढतात, पुढे पळतात. माझ्यापेक्षा शंभरपट चांगले डोळे आहेत त्या फोनना, आणि थांबायची कुणाची तयारी नाही.

म्हणून सांगतो, मित्रांनो, आणि रागानेच सांगतो. माळावर जा, हवे तेवढे फोटो काढा. पण कुणाला भुकेचं आमिष दाखवून जवळ बोलावू नका. कुणी आलं तर आलं. नाही आलं तर रिकाम्या खांबाचा फोटो काढा आणि घरी जाऊन चहा प्या. त्या खांबावर एखादी नवी पाहुणी उद्याही येऊन बसू शकते, एवढं तरी तुमच्या हातात आहे.