पांढऱ्या गालिच्यावरचं जांभूळ

गावात घोट्याएवढी काळी माती, आणि चर्चमध्ये गालिचा पांढरा! जरा मळखाऊ रंगाचा दिला असता तर देणाऱ्याचं काय बिघडलं असतं, हा प्रश्न मरियमला दर आठवड्याला झाडू मारताना पडायचा. पण नगरच्या विणकामशाळेतल्या मुलींनी तो स्वतःच्या हातांनी विणून राहुरीकडच्या या लहानशा मंडळीला भेट दिला होता. धर्माची गाय अन् दात का नाय, असं विचारायची सोय नव्हती. भाकर आणि द्राक्षरस वाटून येशूचं शेवटचं जेवण आठवतात, त्या प्रभुभोजनाच्या मेजापुढे तो अंथरलेला असे, आणि त्यावर डिकनशिवाय कुणी पाय ठेवत नसे.

डिकन, म्हणजे प्रभुभोजनाचा प्याला मंडळीत फिरवणारा सेवक, हा मरियमचाच नवरा, शांतवन. शनिवारी सकाळी ती झाडायला आली तेव्हा तो गालिच्याच्या मधोमध उभा होता. हातात रिकामा प्याला आणि पायाशी जांभळं थारोळं. महायुद्धामुळे द्राक्षरसासाठी भिजवायच्या काळ्या मनुका मिळेनाशा झाल्या होत्या, म्हणून उद्याच्या प्रभुभोजनासाठी मरियमने आदल्या दिवशी जांभळं कुस्करून, गाळून रस केला होता. त्यातला निम्मा आता गालिचा पीत होता.

"अवं, ह्ये काय केलंत?"

"सराव करीत हुतो," शांतवन म्हणाला.

"मग पान्यानं करायचा!"

"पान्यानं केला की. पर पानी सांडायची भीती न्हाई वाटत. भीती आसली मंजी हात ताठ ऱ्हाईल आसं वाटलं."

या अकलेवर काय बोलावं? मरियमने झाडू भिंतीला टेकवला आणि त्याच्या हाताकडे पाहिलं. गेल्या वर्षापासून त्याचा हात थरथरायला लागला होता. लग्नाच्या आधीपासून तो प्याला फिरवत होता. आयुष्यभर दुसऱ्याच्या शेतात राबलेल्या माणसाला चारचौघांत मान होता तो एवढाच. उद्या नगरहून पाळकसाहेब येणार. डाग बघून विचारणार, हात बघून समजणार, आणि प्याला जाणार मंडळीतल्या याकोबकडे. याकोब आणि मरियमचं तर शेळीवरून वाजलेलं. तिची शेळी त्याची मेथी खाऊन आली, त्या दिवसापासून दोघं कामापुरतं बोलत.

"आशीर्वाद झाल्याला न्हाई आजून," शांतवन चाचरत म्हणाला. "नुसतं जांभूळच हाय."

तेवढं एक बरं होतं. उद्या आशीर्वादाने पवित्र झाल्यावर सांडला असता तर तो रस मोरीत ओतायला तिचा हातच धजला नसता.

जुन्या लुगड्याचा तुकडा घेऊन ती गुडघ्यांवर बसली. घासलं तर डाग पसरतो, हे तिला ठाऊक होतं. म्हणून कडेकडून आत येत नुसतं टिपलं. फडकं जांभळं झालं, पण गालिचा काही पांढरा होईना. मग तिने घरून धुण्याचा सोडा आणला. घरातलं प्रत्येक फडकं सोड्यानेच स्वच्छ निघायचं, तेव्हा दुसरं काही सुचायचं कारणच नव्हतं. सोड्याचं पाणी पडलं मात्र, आणि डाग हिरवट-निळा झाला. कळकलेल्या पितळेसारखा.

मरियमने कपाळावर हात मारून घेतला. तो हात खाली आला तेव्हा तिचं लक्ष त्याच्याकडे गेलं. काल जांभळं कुस्करताना मनगटापर्यंत रंगलेले हात आज स्वच्छ होते. घरातलं शेवटचं लिंबू चोळून तिनेच ते धुतले होते.

गावात लिंबाचं झाड एकच, आणि तेही याकोबच्या परसात. अडला हरी म्हणत मरियम निघाली. याकोब दारात बसून दोर वळत होता.

"लिंबं पायजे हुती," ती म्हणाली.

"किती?"

"लई."

"कशापायी?"

"लोनच्याला."

याकोबने तिच्या ओल्या पदराकडे आणि गुडघ्यांवरच्या धुळीकडे एकदा पाहिलं. उठला, काठीने लिंबं पाडली आणि तिच्या ओच्यात घातली. वर "मीठ हाय का घरी?" असंही विचारलं. नाही म्हणाला असता तर निदान मनसोक्त चिडता आलं असतं, असा विचार करत ती परत आली.

आधी गार पाण्याने सोडा काढला. मग लिंबू पिळलं, आणि हिरवट डाग पुन्हा लालसर झाला. तिला हायसं वाटलं. रंग फिरतोय म्हणजे अजून घट्ट बसला नव्हता. वर मीठ पसरलं, मिठाने रंग ओढला की झटकून टाकलं. पुन्हा लिंबू, पुन्हा गार पाणी, पुन्हा टिपणं. शांतवन शेजारी बसून लिंबं पिळत होता. थेंब इकडेतिकडे उडत होते. "उडू द्या," मरियम म्हणाली, "ह्ये कुटंबी पडलं तरी चालतंय." दुपारी दोघांनी गालिचा मागच्या भिंतीवर उन्हात टाकला. संध्याकाळी तो आत आणून अंथरला तेव्हा डागाची जागा माहीत असणाऱ्यालाही शोधावी लागली असती.

रविवारी पाळकसाहेबांनी आशीर्वाद मागितला आणि प्याला शांतवनच्या हाती दिला. तो गालिच्यावर उभा राहिला आणि मंडळी एकेक करून पुढे येऊ लागली. एरवी या वेळी मरियम डोळे मिटून मान खाली घालून बसे. आपली पाळी आली की नवऱ्याच्या बोटांवर हळूच बोटं दाबायची, प्याला सावरायचा, आणि हे कुणाला कळलं नाही म्हणून देवाचे आभार मानायचे, हा तिचा वर्षभराचा नेम. आज मात्र गालिचा राखायचा म्हणून तिने डोळे उघडे ठेवले.

म्हातारी मुक्ताबाई आली. तिने एक हात प्याल्याखाली धरला, दुसरा शांतवनच्या मनगटावर ठेवला, आणि मग प्याली. मरियमला वाटलं, म्हातारीला आधार लागतो. मग विल्सन आला. तालमीत घुमणारा गडी, पण त्यानेही तेच केलं. त्याच्या मागच्या बाईने तेच केलं. एकाही माणसाने प्याला एका हाताने घेतला नाही.

मेल्यांनो! मरियमच्या अंगाचा भडका उडाला. सगळ्या गावाला ठाऊक होतं, आणि ती काल दिवसभर गुडघे फोडून घेत होती!

मग याकोब आला. त्याने आपले दोन्ही तळवे शांतवनच्या हातांभोवती धरले. हातांची थरथर थांबेपर्यंत तो तसाच उभा राहिला. मग घोट घेतला. पुढचा माणूस येऊन त्याचे हात लागेपर्यंत त्याने आपले सोडले नाहीत. मरियमचा राग कुठच्या कुठे गेला, आणि तिला रडू आवरेना.

चर्च रिकामं झाल्यावर तिने नवऱ्याला विचारलं, "समद्यांस्नी ठावं हाय, ह्ये तुमाला ठावं हुतं?"

"व्हय."

"मग काल का न्हाई बोललात?"

"तू लिंबं आनाया पळालीस. ऐकून घेतलंस कुटं?" शांतवन प्याला पुसत म्हणाला. "वरीसभर लोक माजा हात धरत्यात. म्हनलं, एकडाव तरी म्या एकट्यानं प्याला द्यावा. कुनाला भार नको."

मरियमने त्याच्या हातातला प्याला काढून घेतला आणि मेजावर ठेवला.

"आज म्या डोळं उगडं ठिवून बगितलंय," ती म्हणाली. "भार कुनालाच न्हाई झाला."