चौथा महिना

विमल लातूरच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायची. शेतातल्या उंदरांची शरीरं ऋतूप्रमाणे कशी बदलतात, हा तिचा पीएचडीचा विषय. त्यासाठी ती दर महिन्याला औसा तालुक्यातल्या एका गावी रेवणप्पाच्या रानात जायची. त्याची बायको महानंदा बिळं ओळखून पिंजरे लावायची. विमल एकेक उंदीर तोलायची, पोट चाचपायची, वहीत लिहायची.

त्र्याण्णवच्या मे महिन्यात माद्या अगदीच हलक्या भरल्या.

"उन्हाळ्यात यांची गर्भाशयं आक्रसतात," विमल म्हणाली. "पाऊस पडला, खायला मिळालं, की अंग पुन्हा तयार होतं."

"माझ्या अंगाला नऊ वर्षं उन्हाळाच हाय, बाई."

सप्टेंबरात मात्र पिंजऱ्यात गाभण मादी निघाली, चांगली जड. महानंदा तिच्याकडे बघून हसली. "बाई, मलाबी तिसरा म्हैना चालू हाय. यांना सांगितलं न्हाई अजून. लग्नाच्या साली सांगितलं, अन् आठ दिवसांत गेलं. हे लई रडले. चौथा लागला की सांगते. तुमी बोलू नका."

चौथा लागायच्या आत भूकंप झाला.

तिसऱ्या दिवशी विमल पोचली. महानंदा घराखाली गाडली गेली होती; रेवणप्पा रानात झोपला होता, म्हणून वाचला. "लेकरू नव्हतं ते बरं झालं, बाई," तो म्हणाला. "त्येलाबी मातीत ठेवावं लागलं असतं."

महानंदाचं गुपित विमलने पोटातच ठेवलं. पीएचडी तिने तिथेच सोडली. पुढे कॉलेजही सोडून ती मेडिकलच्या क्लासमध्ये शिकवू लागली.

दोन हजार अकराच्या जूनमध्ये रेवणप्पा त्या क्लासमध्ये आला. दुसऱ्या बायकोची मुलगी वर्षाराणी, अकरावीचा प्रवेश. पोरगी रांगेत गेली तसा तो हळूच म्हणाला,

"बाई, मी महानंदाला एकदा वांझ म्हणालो होतो. ते मनात ठेवून गेली का हो?"

मग विमलने सांगितलं.

"किती महिने?"

"तीन. चौथा लागला की तुम्हाला सांगणार होती."

रेवणप्पाने बोटांवर वर्षं मोजली. "म्हंजी आता बारावीला असतं," तो म्हणाला आणि पायरीवर खाली बसला. "तवाच सांगायचं होतं, बाई."

वर्षाराणी फॉर्म घेऊन धावत आली. "अप्पा, सही करा इथं."

त्याने पेन घेतला. सही कुठे करायची, ते त्याला दिसत नव्हतं.