अकरा मजले खालचा नदीकाठ

"गावी पाळणा धुऊन ठेवलाय गं," सासूबाई आल्या त्याच संध्याकाळी आमच्या लेकीचं, माइमाइचं दुपटं घडी करत म्हणाल्या. "तू आता कामावर जाशील. शाळेत जाईपर्यंत राहील पोरगी माझ्याकडे. आमच्याकडे सगळ्यांची नातवंडं अशीच वाढली."

देचुआन, माझा नवरा, मान खाली घालून संत्रं सोलत बसला.

"आई, आम्ही सांभाळू की तिला," मी म्हटलं.

"जन्मल्यापासून किती वेळा बाहेर नेलीस?"

डोंगरउतारावरच्या आमच्या चोंगचिंग शहरात बाबागाडी घेऊन निघावं तर वळणावळणाला जिना, आणि जिना दिसला की माझ्या हातून गाडी निसटल्याचं चित्रच डोळ्यांपुढे यायचं. मी दाराशी जाऊन परत फिरायची.

"उद्या शहर बघायला जाऊ," मी बोलून गेले. "माइमाइलाही नेऊ. गाडीतून."

"बघू. नीट नेलीस नि आणलीस, तर पाळण्याचा विषय संपला."

देचुआनने लगेच फोनवर बेत आखला. "हे बघ, चौक, मग नदीकाठ, मग रोपवे. सगळं हाकेच्या अंतरावर."

"इतकी वर्षं इथे राहतोस, तरी पाय अजून तुझ्या गव्हाच्या सपाट शेतातच," मी म्हटलं. "नदीकाठ चौकाच्या शेजारी नाही रे, चौकाच्या खाली आहे. अकरा मजले."

मी नकाशा बाजूला सारला आणि शहर मजल्यांनी आठवू लागले. सुरुवात उंचावरून करायची. रस्ता तुटेल तिथे इमारतीत शिरायचं, लिफ्टने उतरायचं, भलत्याच मजल्यावर दुसऱ्या रस्त्यावर निघायचं. लहानपणी आईचं बोट धरून मी अशीच तर बाजारात जायची.

सकाळी चौकाच्या कठड्यावरून सासूबाईंनी खाली डोकावलं. खाली बस धावत होत्या, त्याही खाली झाडं.

"आपण जमिनीवरच आहोत ना?"

"आई, त्याची खात्री इथे कुणीच देत नाही."

त्या हसल्या नाहीत. आणि पुढच्याच इमारतीपाशी माझा बेत अडकला. लिफ्टवर दुरुस्तीची पाटी. शेजारी शेवाळलेला, ओला जिना.

सासूबाई गाडीतून माइमाइला उचलायला वाकल्या.

"मी गाडी घेतो खांद्यावर," देचुआन म्हणाला.

"थांबा जरा दोघंही." माझे डोळे शोधत होते. मागे एक जुनी राहती इमारत, खिडक्याखिडक्यांतून कपडे वाळत घातलेले. असल्या इमारतीचं रस्त्यावरचं दार मधल्याच मजल्यावर असतं. भाजी आणायला खाली दुसरं दार असणारच. दारात चार बायका माजोंगच्या सोंगट्यांचा डाव मांडून बसल्या होत्या.

"मावशी, तुमची लिफ्ट खालच्या गल्लीत उघडते का?" मी आमच्या इथल्या बोलीत विचारलं.

"उघडते. राहणाऱ्यांसाठी," एक जण सोंगटीवरची नजर न काढता म्हणाली. "कुणाकडे जायचंय?"

"तुमच्या खालच्या नूडल्सवाल्याकडे. सासूबाईंना खिलवायचंय."

आता चौघींनी वर पाहिलं. "उत्तरेच्या दिसतात. तिखट कमी सांग हो, नाहीतर परतताना दवाखान्याची लिफ्ट लागेल." ती उठली, लिफ्टला आपलं कार्ड टेकवलं आणि दार धरून उभी राहिली. "या ताई, आत या. नात गोड आहे, सून धीट आहे."

मला धीट म्हणणारी ती पहिलीच.

लिफ्ट उघडली ती थेट नूडल्सच्या वाफेत. सासूबाईंनी बिनतिखटाचा वाडगा संपवला, वर तिळाचे गोड उंडेही खाल्ले. नदीकाठी माइमाइ बोटींना हात करत होती. मग आणखी एका लिफ्टने वर, आणि रोपवेत. दिवसभरात गाडीचं चाक एकाही पायरीला लागलं नाही.

डबा नदीवर आला तेव्हा ऊन उतरलं होतं. माइमाइ काचेला नाक लावून आजीच्या मांडीवर उभी होती. सासूबाईंनी एका हाताने तिला धरलं, दुसऱ्या हाताने गावाकडे शेजारणीला फोन लावला.

"अगं, मी नदीच्या वरून बोलतेय," त्या अख्ख्या डब्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या. "नाही, नात नाही येत. आपल्याकडे काय आहे, सगळा एकच मजला. पोरीने इथलं शिकायला नको? आईच शिकवेल तिची." मग माझ्याकडे एकदा बघून म्हणाल्या, "आणि ऐक, तो पाळणा ओसरीवर काढ. लसूण वाळत घाल त्यात."