कॅप्टन दिग्रसकरांचा चुकलेला सॅल्यूट

सदाशिव पाठकांनी आयुष्यात बंदूक हातात धरली ती एकाच कामासाठी, आणि ती बंदूकसुद्धा लाकडाची होती. बाकी सगळी हयात त्यांनी पाटबंधारे खात्यात कालव्यांच्या फायली या टेबलावरून त्या टेबलावर सरकवण्यात घालवली. तरी समर्थनगरात येऊन तुम्ही पाठकांचं घर विचारा, लोक डोकं खाजवतील. ‘कॅप्टनसाहेब’ म्हणा, चौथीतलं पोरही दारापर्यंत आणून सोडेल.

हे कसं झालं ते सांगायला हवं. तेहतीस-चौतीस वर्षांपूर्वी दूरदर्शनवर ‘चौकी नंबर नऊ’ नावाची मालिका लागायची. सव्वीस भाग, दर गुरुवारी संध्याकाळी. तिच्यातला कॅप्टन दिग्रसकर म्हणजे आपले सदाशिवराव. नाट्यस्पर्धेत कुणीतरी त्यांच्या मिशा पाहिल्या आणि मिशांना काम दिलं. मिशांबरोबर तेही गेले. मालिकेतली सरहद्द दौलताबादच्या डोंगरामागं होती, बर्फ कापसाचा होता, आणि शत्रू म्हणजे इथल्याच कॉलेजातली पोरं. दुपारी गोळी लागून पडायची आणि संध्याकाळी उठून भजी खायची.

पण लोकांच्या मनात राहिला तो शेवटचा सॅल्यूट. प्रत्येक भाग संपताना कॅप्टन दिग्रसकर प्रेक्षकांकडं बघून कडक सॅल्यूट ठोकायचा. मराठवाड्यातल्या पोरांनी तो असा उचलला की मास्तर हजेरी घ्यायला लागले की निम्मा वर्ग कपाळाला हात लावून उभा.

आणि तो सॅल्यूट साफ चुकीचा होता. दिग्दर्शकाचा मेहुणा नौदलात, सॅल्यूट त्याच्याकडूनच उचललेला. तिथं सॅल्यूट करताना तळवा जमिनीकडं असतो. पायदळाचा जवान तळवा समोर दाखवतो. हे दिग्दर्शकाला ठाऊक नव्हतं आणि सदाशिवरावांना तर मुळीच नव्हतं. पायदळाचा कॅप्टन सव्वीस भाग बोटीवरचा सॅल्यूट ठोकत राहिला.

मालिका संपली. दुसरं काम काही मिळालं नाही, पण नाव चिकटलं. पैठण गेटावरचे रिक्षावाले ‘आओ कप्तानसाब, किधर छोडूं?’ म्हणून रिक्षा बाजूला घ्यायचे. सदाशिवराव सुरुवातीला ‘अहो, मी नुसता नट’ असं सांगायचे. मग सांगून थकले. मग, खरं बोलायचं तर, त्यांना ते आवडायला लागलं. माणूसच आहे, फुकटचा मान कुणाला नको असतो? मिशा मात्र त्यांनी त्याच मापाच्या ठेवल्या.

या मानानं कुणाचं काही बिघडलं नसतं, जर दोन हजार एक सालच्या डिसेंबरात करमाडच्या सारजाबाई त्यांच्या दारात आल्या नसत्या.

तेव्हा टीव्हीवर रोज सरहद्दीकडं निघालेल्या फौजेच्या गाड्या दाखवत होते. सारजाबाईंचा एकुलता एक सुदर्शन दोनच महिन्यांपूर्वी भरती होऊन बेळगावला ट्रेनिंगला गेला होता. ‘चौकी नंबर नऊ’ बघूनच त्याच्या डोक्यात फौज शिरली होती. सारजाबाईंनी स्वतः ती मालिका कधी पाहिली नव्हती. टीव्ही सरपंचाच्या ओट्यावर, आणि संध्याकाळी त्यांना गुरांचं काम. लेकाच्या तोंडून कॅप्टनचं नाव तेवढं ऐकलेलं. महिना-दीड महिना झाला, पोराचं पत्र नाही, तेव्हा त्या एसटीत बसल्या आणि कॅप्टनचं घर विचारत आल्या.

पायरीवर बसून त्या म्हणाल्या, “तुम्ही फौजेतले मोठे सायब. माझं पोरगं तुमच्याकडं बघून गेलं. कागद नाय, काय नाय. जरा इचारा ना वरती.”

खरं सांगायला सदाशिवरावांनी तोंड उघडलंसुद्धा. पण त्यांची नजर बाईच्या मांडीवरच्या फडक्याकडं गेली. सकाळी बांधलेली भाकरी तशीच होती, एक तुकडाही मोडलेला नव्हता. सदाशिवराव उठले, आत जाऊन फोन उचलला आणि करड्या आवाजात म्हणाले, “कॅप्टन दिग्रसकर बोलतोय.” मग थांबले, ऐकलं, ‘हं’ म्हणाले, पुन्हा थांबले. बाहेर येऊन त्यांनी सांगितलं की पोरगा बेळगावातच आहे, ठणठणीत आहे, पंधरा दिवसांत पत्र येईल. असं काम त्यांनी सव्वीस भागांत एकदाही केलं नव्हतं. फोन दोन दिवसांपासून बंद होता.

सारजाबाई गेल्या. भानुमतीबाई चहाची कपबशी घेऊन दारातच उभ्या होत्या. त्या नवऱ्याला एवढंच म्हणाल्या, “आणि पत्र नाही आलं तर?” पुढचे दिवस पाठकांच्या घरात कुणाला जेवण गोड लागलं नाही. पोस्टमन करमाडला जायचा आणि धडधड समर्थनगरात व्हायची.

बाराव्या दिवशी सारजाबाई पत्र घेऊनच आल्या. वाचता येत नव्हतं, आणि हे पत्र त्यांना कॅप्टनच्याच तोंडून ऐकायचं होतं. सुदर्शनला कांजिण्या झाल्या होत्या, म्हणून त्याला वेगळं ठेवलं होतं. आता बरा होता. सदाशिवरावांनी सगळं वाचलं, मधल्या चार ओळी सोडून. त्या ओळींत लिहिलं होतं की पहिल्याच दिवशी मी कॅप्टन दिग्रसकरांसारखा सॅल्यूट केला आणि कवायत शिकवणाऱ्या उस्तादांनी मला मैदानाला अकरा फेऱ्या मारायला लावल्या.

तेव्हापासून दरवर्षी दिवाळीच्या सुमाराला करमाडहून मोसंब्यांची एक गोणी यायची. सदाशिवराव मोसंबी सोलायला बसले की त्यांना तो बंद फोन आठवायचा.

आणि आता, चोवीस वर्षांनी, सुदर्शनचा चुलता कडुबा निमंत्रणपत्रिका घेऊन समोर बसला होता. पोरगा हवालदार होऊन निवृत्त झाला होता. हल्ली गावोगाव रीतच पडलीय, जवान नोकरी संपवून परतला की उघड्या जीपमधून मिरवणूक, औक्षण, स्टेजवर सत्कार आणि गावजेवण. पत्रिकेवर ठसठशीत अक्षरांत छापलं होतं : प्रमुख पाहुणे, कॅप्टन सदाशिव पाठक (सेवानिवृत्त).

“सारजावहिनीनं सांगितलंय, सायब आल्याबिगर मिरवणूक निघायची नाय,” कडुबा म्हणाला आणि चहा पिऊन निघून गेला.

सदाशिवराव पत्रिकेकडं बघत राहिले. शेवटी म्हणाले, आधी त्या बाईला खरं सांगणार, मगच स्टेजवर चढणार. भानुमतीबाईंनी विचारलं, इतकी वर्षं गप्प बसलात, आताच का? “पोरगा तिकडं होता तोवर सांगितलं असतं तर तिचा धीर गेला असता,” ते म्हणाले. “आता तो घरी आलाय. आता गप्प बसलो तर ती चोरी होईल.” भानुमतीबाईंनी मान हलवली. चाळीस वर्षांत नवऱ्याचं इतकं सरळ बोलणं त्यांनी फार वेळा ऐकलं नव्हतं.

दुसरी काळजी सॅल्यूटची. अस्सल हवालदारासमोर पुन्हा तेच पाप नको. नात स्वराली कॉलेजात एनसीसीत होती. तिनं आठ दिवस आजोबांना आरशासमोर उभं केलं. तळवा पुढं, कोपर वर, बोटं जुळलेली. आणि एक नियम घोकून घेतला : मोठ्या हुद्द्याचा माणूस हात खाली घेत नाही तोवर लहानानं घ्यायचा नाही. सदाशिवरावांनी ठरवून टाकलं की सुदर्शन मोठा, आपण लहान. हात त्यानं आधी खाली घ्यायचा.

नोव्हेंबरातल्या त्या रविवारी स्वरालीनं गाडी काढली. चिकलठाणा गेलं, शेंद्रा गेलं, आजोबा मांडीवरची पत्रिका उलटसुलट करत राहिले. करमाडला पोचले तेव्हा जीप यायला थोडा अवकाश होता. सारजाबाई ओसरीवर औक्षणाचं ताट मांडत होत्या. सत्तरी उलटलेली, डोईवर नवा पदर. सदाशिवराव त्यांच्यासमोर जाऊन उभे राहिले आणि प्रस्तावना न करता बोलले.

“सारजाबाई, मी फौजेत कधीच नव्हतो. टीव्हीवर सोंग घेतलं होतं, तेवढंच. त्या दिवशी तुमच्यासमोर फोन केला ना, तो बंद होता. मी कुणाशीच बोललो नाही.”

सारजाबाईंच्या हातातली वात हातातच राहिली. “मंग माझं पोरगं बरं हाय, हे कोणी सांगितलं व्हतं?”

“कुणीच नाही.”

“म्हंजी त्याचं काय बरं-वाईट झालं असतं, तरी तुम्ही मला बरं हाय असंच म्हनला असता.”

“हो,” सदाशिवराव म्हणाले. खाली मान घालून ते पुढच्या शब्दाची वाट बघत राहिले. काय ऐकावं लागेल ते त्यांनी आठ दिवस मनात ऐकून ठेवलं होतं, आणि त्यातला प्रत्येक शब्द त्यांना मान्य होता.

सारजाबाईंनी वात निरांजनात ठेवली, तेल घातलं, बोटाला लागलेलं तेल केसांना पुसलं आणि काडी ओढून वात लावली. राग आला होता, तो दिसत होता.

“त्या दिवशी तुमच्याकडून घरी आले,” त्या म्हणाल्या, “अन् दोन भाकरी खाल्ल्या. महिनाभर घास उतरत नव्हता. कागद येईस्तोवर मी माणसावानी जेवले, झोपले. तुमचा फोन खोटा व्हता तं व्हता. माझी भूक काय खोटी नव्हती.” मग एकदम विचारलं, “मोसंब्या खाल्ल्या का तुम्ही दरसाली?”

“खाल्ल्या.”

“गोड व्हत्या?”

“गोड होत्या.”

“मंग आता हे ताट धरा, वारं सुटलंय. वात इझंल.”

कॅप्टनसाहेब ताट धरून उभे राहिले. डोळे पुसायला हात मोकळा नव्हता, ते एक बरं झालं.

जीप आली, बँड वाजला, पोरांनी नाचून धुरळा उडवला. सुदर्शन उतरून आईच्या पाया पडला, आणि तिनं त्याला ओवाळलं ते ताट सदाशिवरावांच्याच हातातून घेऊन. मग शाळेच्या पटांगणात स्टेज, फेटे, हार. कडुबानं माइकवर ‘कॅप्टनसाहेब’ म्हणून पुकारलं तेव्हा सदाशिवराव उठले आणि त्यांनी भर सभेत सांगून टाकलं की मी कॅप्टन नाही, मी पाटबंधारे खात्यातला कारकून, पत्रिकेवर छापलंय ते खरं नाही.

मग पुढच्या रांगेतला एक म्हातारा कडुबाला म्हणाला, “हे काय नवीन सांगतेत? आपण समद्यांनी टीव्हीवरच बघितलं की.” कडुबानं माइक हातात घेऊन खुलासा केला की टीव्हीवर ते कॅप्टन होतेच, आणि ती मालिका बंद पडून तीस वर्षं झाली, म्हणजे सेवानिवृत्त झालेच की; छापण्यात चूक कुठंय? सगळं पटांगण हसलं. गावात ज्यांना ठाऊक नव्हतं त्या एकट्या सारजाबाई, आणि त्यांनाही तासाभरापूर्वी कळलं होतं.

मग सुदर्शन उठला. पिळदार अंगाचा, कानशिलावर पांढरे केस, छातीवर फिती. त्याला भाषण येत नव्हतं, ते त्यानं आधीच सांगितलं. ट्रेनिंगच्या पहिल्या दिवशीची गोष्ट मात्र सांगितली. उस्तादांनी विचारलं, हा सॅल्यूट कुणी शिकवला? मी म्हणालो, कॅप्टन दिग्रसकरांनी. उस्तादांनी विचारलं, कोणत्या युनिटचे? मी म्हणालो, चौकी नंबर नऊ.

“दहा फेऱ्या सॅल्यूटच्या,” सुदर्शन म्हणाला, “अन् एक त्या उत्तराची. त्याच्यानंतर चोवीस वर्षं हात बरोबर ठेवला. लई सायबांना केले सॅल्यूट. पण मी घरातून निघालो तो यांच्यामुळं. आता नोकरी संपली. आता कोणी फेऱ्या मारायला लावनार नाय.”

तो सदाशिवरावांकडं वळला, टाच टाचेला भिडवली आणि सॅल्यूट ठोकला. तळवा जमिनीकडं. अगदी गुरुवारच्या संध्याकाळचा.

सदाशिवरावांचा हात आठ दिवसांच्या सवयीनं आपोआप वर गेला. कोपर वर, बोटं जुळलेली, तळवा समोर. बिनचूक, पायदळाचा.

दोघांनी एकमेकांचे हात पाहिले आणि काय झालं ते दोघांनाही कळलं. सुदर्शनच्या मिशीखाली हसू फुटलं, पण हात हलला नाही. कॅप्टननं हात खाली घेतल्याशिवाय हवालदार कसा घेणार? आणि सदाशिवराव तर त्यालाच मोठा मानून उभे होते. फेट्याखालून घाम गळत होता, खांदा भरून आला होता, पण नियम म्हणजे नियम. बँडवाल्याला वाटलं काही तरी चालू आहे, त्यानं वाजवायला उचललेल्या काठ्या खाली ठेवल्या. खाली स्वराली खुणा करून थकली. दोघं आपापल्या कॅप्टनची वाट बघत हात वर धरून उभे राहिले, आणि दोघांच्याही गालांवरून पाणी वाहत होतं.

शेवटी सारजाबाईच बायकांच्या रांगेतून उठल्या. कडुबाचा खांदा धरून स्टेजची पायरी चढल्या, दोघांच्या मधोमध उभ्या राहिल्या, एका हातानं लेकाचा हात खाली ओढला आणि दुसऱ्या हातानं सदाशिवरावांचा.

“चला,” त्या म्हणाल्या. “पंगत बसलीय.”