टेप ढिली पडली नव्हती

मित्रांनो, औशाच्या बाजारात शिलाईचं एक लहान दुकान आहे. तिथल्या खिळ्याला टांगलेली साठ इंचांची टेप म्हणजे मी. एकेकाळी पिवळीधमक होते. आता माझे निम्मे आकडे पुसले आहेत. पण मी माझी गोष्ट जन्मापासून सांगणार नाही. ज्या दिवशी सगळं कळलं, त्या दिवसापासून सांगते.

गेल्या वर्षीच्या श्रावणातला सोमवार होता. सकाळचे साडेदहा झाले होते. माझे मालक मन्मथअप्पा मशीनवर बसले होते आणि मी त्यांच्या गळ्यात होते. दुकानाच्या मागेच घर आहे. आतून महानंदाबाईंचा, म्हणजे त्यांच्या बायकोचा, आवाज आला.

"अवं, इकडं या. मला उठता येईना."

फार मोठं काही झालं नव्हतं. ओट्यावरची परात घेऊन त्या वळल्या आणि खाली बसल्या, एवढंच. फरशी कोरडी होती. त्या घसरल्या नाहीत, कुणाचा धक्का लागला नाही. पण उजवा पाय आखूड होऊन बाहेरच्या बाजूला वळला होता. तो पाय पाहून मन्मथअप्पा शेजाऱ्याला हाका मारत बाहेर धावले.

शेजाऱ्याच्या जीपमधून त्यांना लातूरला नेलं. घाईत मी अप्पांच्या गळ्यातच राहिले. म्हणून पुढचं सगळं मी स्वतः पाहिलं आहे.

दवाखान्यात एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी एक्स-रेचे फोटो काढायला लावले. आधी खुब्याचा, मग पाठीचा. पाठीचा फोटो उजेडापुढे धरून त्यांनी एकेका मणक्यावर बोट ठेवलं.

"अप्पा, खुबा आज मोडलाय. पण पाठीचे तीन मणके आधीच दबलेले आहेत. हे आजचं नाही, कित्येक वर्षांचं आहे. यांची उंची कधी मोजली होती?"

मन्मथअप्पांना त्या परिस्थितीतही हसू आलं. "डॉक्टरीणबाई, मी शिंपी हाय. दरसाल मोजतो. साठ इंच. ह्या टेपाएवढी हाय ती."

"आत्ता मोजा."

अप्पांनी मला गळ्यातून काढलं. महानंदाबाई पलंगावर उताण्या होत्या. चांगल्या पायाच्या टाचेपासून डोक्यापर्यंत त्यांनी मला अलगद लावलं. सत्तावन्न भरले.

"ही टेप ढिली पडलीया," अप्पा म्हणाले. "लई दिवसांपासून कमी दाखवती."

डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडे पाहिलं, मग महानंदाबाईंकडे. "मावशी, दोन्ही हात बाजूला पसरा. अप्पा, आता या बोटापासून त्या बोटापर्यंत मोजा."

माझं एक पितळी टोक डाव्या हाताच्या मधल्या बोटाला टेकलं. दुसरं टोक उजव्या हाताच्या मधल्या बोटाला टेकलं. बरोबर साठ. एक सूतही इकडे नाही, तिकडे नाही.

"माणसाच्या हातांचा पसारा साधारण त्याच्या तरुणपणीच्या उंचीएवढा असतो," डॉक्टरीणबाई हळू आवाजात म्हणाल्या. "उंची कमी होते, हात कमी होत नाहीत. टेप ढिली असती, तर हातही कमी भरले असते."

मन्मथअप्पा खाली बसले. बसायला तिथे काहीच नव्हतं. ते फरशीवरच बसले.

मित्रांनो, आता मागचं सांगते.

मी काचेच्या धाग्यांच्या कापडाची आहे. त्यावर जाड लेप आहे आणि दोन्ही टोकांना पितळी पत्रा आहे. अडतीस वर्षांपूर्वी मी लातूरच्या गंजगोलाईतल्या एका दुकानात टांगलेली होते. मन्मथअप्पांचं नवं लग्न झालं होतं आणि बायको बरोबर होती. दुकानदारानं मला दोन्ही हातांनी ताणून दाखवलं. "कापडी टेप ढिली पडती. ही जलमभर पडायची न्हाई," तो म्हणाला होता. ते वाक्य अप्पा पुढे विसरले. मी विसरले नाही.

त्याच दिवशी घरी आल्यावर त्यांनी नव्या नवरीला दाराला पाठ लावून उभं केलं आणि माझं टोक तिच्या डोक्यावर धरून मला खाली सोडलं. माझं दुसरं टोक जमिनीला नेमकं टेकलं.

"बघ, तू माझ्या टेपाएवढी," अप्पा म्हणाले.

"मंग आता मलाबी गळ्यात घालून हिंडा," महानंदाबाई म्हणाल्या आणि पदर तोंडाला लावून हसल्या.

तेव्हापासून दरवर्षीचा तो रिवाज झाला. महाशिवरात्रीला लातूरला सिद्धेश्वराची यात्रा भरते. यात्रेला जाण्यासाठी अप्पा बायकोला नवं पोलकं आणि परकर शिवत. माप घेण्याआधी तिला दाराशी उभं करत आणि मला डोक्यावरून सोडत. मी जमिनीला टेकले की दोघं हसत.

मी खूप काम केलं. भूकंप झाला त्या साली मी किल्लारीलाही होते. महानंदाबाईंचं माहेर तिथलं. पत्र्याच्या शेडमध्ये मशीन मांडून अप्पांनी महिनाभर लेकरांचे सदरे शिवले. माप देताना लेकरं हलत नसत, रडतही नसत.

अप्पांचं नाव झालं ते वेगळ्याच कारणानं. ज्या बाईची पाठ वाकलेली असे, तिचं पोलकं इतरांकडे पाठीत वर चढायचं आणि पुढे लोंबायचं. अप्पा पाठीला अर्धा-पाऊण इंच वाढवत, पुढून तेवढं कमी करत. मग बाई सरळ दिसे. औसा-निलंग्याच्या म्हाताऱ्या बाया म्हणत, "मन्मथअप्पा कुबडबी झाकतो बाई." ते ऐकून अप्पा खूश होत. मीही खूश होत असे. आज त्या कौतुकाची आठवण झाली की मला खिळ्यावर लटकणंसुद्धा नको वाटतं.

पस्तिसाव्या वर्षी महानंदाबाईंच्या गर्भाशयाचं ऑपरेशन झालं. आमच्या भागात त्याला पिशवी काढणं म्हणतात. कुणी काही समजावून सांगितलं नाही, कुणी विचारलंही नाही. पोटाचं दुखणं थांबलं, म्हणून सगळे निश्चिंत झाले.

पुढे चाळिशी उलटल्यावर एका शिवरात्रीला माझं टोक जमिनीवर थोडं आडवं पडलं. अर्धा इंच.

"तुमची टेप ढिली पडली," महानंदाबाईच म्हणाल्या.

"माझी टेप ढिली हाय, का तूच वाकून उभी हायेस?"

"मी काहून वाकू? लोकाच्या बायकांना मोजून मोजून ताणली असंल ती!"

अप्पा मोठ्यानं हसले. मी ओरडून सांगायला हवं होतं. पण टेपेला फक्त आकडा असतो, तोंड नसतं. मी आकडा दाखवला. कुणी तो खरा मानला नाही.

काही वर्षांनी एक इंच झाला. मग दोन. मग तीन. दरवर्षी माझं टोक जमिनीवर जास्त जास्त लोळू लागलं आणि दरवर्षी तीच थट्टा झाली. अप्पा तिचा परकर आखूड कापत गेले. पोलक्याची पाठ वाढवत आणि पुढची बाजू कमी करत गेले. त्यांनी ते इतक्या मायेनं केलं, की महानंदाबाईंचा एकही कपडा कधी अंगावर वावगा दिसला नाही. त्यामुळे कुणाच्या काही लक्षातच आलं नाही. मधूनमधून त्यांची कंबर धरायची. त्या तेल लावून, शेकून घ्यायच्या आणि कामाला लागायच्या.

दवाखान्यातल्या त्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी अप्पांना फरशीवरून उठवून बाहेरच्या बाकावर बसवलं. त्यांनी त्यांना समजेल असं सांगितलं.

"अप्पा, हाड म्हणजे दगड नव्हे. ते जिवंत असतं. हाडात काही पेशी जुनं उसवतात आणि काही पेशी नवं शिवतात. हे काम आयुष्यभर चालतं. बाईची पाळी गेली की उसवणाऱ्यांचा हात जोरात चालतो आणि शिवणाऱ्या मागे पडतात. पिशवीबरोबर अंडाशयं काढली असतील, तर हे फार लवकर सुरू होतं. मावशींचं तेच झालं असावं."

"पण तिला काही झालंच न्हाई हो. पडली न्हाई, झडली न्हाई."

"दबलेले मणके बऱ्याचदा कळतच नाहीत. लोक कंबरदुखी समजतात. आता संशोधनातून हेही समोर आलंय, की ज्या बायकांची उंची दोन इंचांहून जास्त घटते, त्यांना खुबा मोडायचा धोका मोठा असतो. एक मणका दबला की वर्षभरात दुसराही दबण्याची भीती असते. आधी कळलं असतं तर औषधं होती. शिवणाऱ्या पेशींना पुन्हा कामाला लावणारी औषधंही आलीत आता."

अप्पांनी मला पुन्हा गळ्यात टाकलं. मग ते म्हणाले, "किल्लारीच्या भिंतीबी लई जाड होत्या. भूकंपात त्याच आधी बसल्या." डॉक्टरीणबाईंना ते कळलं की नाही, मला ठाऊक नाही.

ऑपरेशन नीट झालं. महानंदाबाई काठीचा आधार घेऊन चार पावलं चालल्यासुद्धा. सोळाव्या दिवशी सकाळी चहा पिता पिता त्यांचा श्वास अडकला. पायातली रक्ताची गुठळी फुप्फुसात गेली, असं डॉक्टर म्हणाले. कप खाली ठेवायलाही वेळ मिळाला नाही.

आमच्याकडे मेल्यावर जाळत नाहीत, बसवून मातीत समाधी देतात. त्यांना बसवलं, कपाळाला विभूती लावली. अप्पांच्या शेजारी उभ्या असलेल्या एका बाईच्या तोंडून निघून गेलं, "आगंबाई, किती बारकी दिसायली महानंदा!" अप्पांनी वळून त्या बाईकडे असं पाहिलं, की ती मागे सरकली.

तरी टेप खरी आहे, यावर अप्पांचा विश्वास बसत नव्हता. आठ दिवसांनी ते मला घेऊन समोरच्या वीरण्णांच्या कापडदुकानात गेले. वीरण्णांकडे सरकारी शिक्क्याचा लोखंडी मीटर आहे.

"वीरण्णा, ही टेप ताडून बघायची हाय."

वीरण्णांनी मला मीटरवर ताणून धरलं. माझ्या मागच्या बाजूचे शंभर सेंटीमीटर मीटरच्या टोकाला बरोबर आले.

"काही सुदिक फरक न्हाई. कुणी म्हणलं ढिली हाय?"

"मीच म्हणत होतो. पंधरा-सोळा वर्षं."

"आवं अप्पा, अंगाचं माप टेपानं घेता अन् कापड लोखंडी पट्टीनं आखता. टेप ढिली असती तर साऱ्या औशाच्या बाया आखूड पोलकी घेऊन तुमच्या अंगावर आल्या असत्या! कधी एक तरी आली का?"

वीरण्णा सहज बोलून गेले. हजारो पोलकी या टेपेवर शिवली होती आणि मापासाठी एकही परत आलं नव्हतं. ती फक्त एकाच बाईपुरती ढिली होती. एवढी साधी गोष्ट चाळीस वर्षं मापं घेणाऱ्या कारागिराला दिसली नव्हती.

लेक अंबिका भोकरला दिली आहे. ती दिवसकार्यासाठी आली होती. निघताना ती दारात थांबून म्हणाली, "अप्पा, गावातल्या सगळ्या बायांची मापं तुम्हाला तोंडपाठ. आईचंच कसं चुकलं?"

"माप चुकलं न्हाई, बाई. माप बरोबरच होतं."

"मंग?"

अप्पा खिळ्याकडे वळले. मग त्यांनी मला हातात घेतलं. अंबिका छत्तीस वर्षांची आहे. दोन वर्षांपूर्वी तिचीही पिशवी काढली आहे. "जरा दाराशी उभी राहा," ते म्हणाले. "आज मोजून ठिवू. मंग लातूरला जाऊन हाडांची तपासणी करून येऊ."

अंबिका दोन पावलं मागे गेली. "ती टेप माझ्या अंगाला लावू नका!" ती म्हणाली. रागानं की भीतीनं, मला समजलं नाही. ती निघून गेली.

मित्रांनो, आता दुकानात एक नवा नियम आहे. पन्नाशीच्या पुढची किंवा पिशवी काढलेली बाई आली, की अप्पा आधी तिला दाराशी उभं करून उंची मोजतात. मग तिच्या जुन्या परकराचं माप वहीत बघतात. सुरुवातीला बायांना ते विचित्र वाटलं. जुन्या गिऱ्हाईक साखराबाई तर अंगावरच आल्या.

"अप्पा, मला पोलकं शिवायचंय, सोयरीक न्हाई जमवायची! उंची कशाला मोजलालाव?"

"उभी राहा गं, साखराबाई. पाया पडतो."

अप्पा खरंच वाकले. साखराबाईंची थट्टा तिथेच थांबली आणि त्या निमूट उभ्या राहिल्या. वहीतला परकर एकोणचाळीस इंचांचा होता. आता सदतीस भरला. हातांचा पसारा आणि उंची यांत दोन इंचांचा फरक निघाला. अप्पांनी त्यांच्या मुलाला बोलावून घेतलं आणि दुसऱ्याच दिवशी साखराबाईंना लातूरला पाठवलं. हाडं तपासायच्या मशीनवर तपासणी झाली. एक मणका दबलेला होता. आता त्यांचं औषध सुरू आहे. त्या अजूनही भांडतात, पण परात उचलायला सुनेला हाक मारतात.

अप्पा आता कुणाचंही कुबड झाकून देत नाहीत. "आधी दवाखाना, मंग पोलकं," असं म्हणतात. चार गिऱ्हाइकं त्यामुळे तुटली आहेत.

तुम्हाला माझं एवढंच सांगणं आहे. तुमच्या आईला, आजीला वर्षातून एकदा भिंतीला पाठ लावून उभं करा आणि मोजा. दरवर्षीचा आकडा लिहून ठेवा. कमी भरलं, तर हसू नका आणि टेपेला दोष देऊ नका. त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे न्या.

अप्पा दर सोमवारी भोकरला फोन लावतात. अंबिका फोन उचलते, जेवणाचं विचारते, तब्येतीचं विचारते. अप्पांनी तपासणीचा विषय काढला की म्हणते, "बघू." शिवरात्र होऊन गेली. ती आली नाही.

अंबिकाचं माप अजून घेतलेलं नाही.