काडीचं माप

मालेगावात उकंडरावांच्या दुकानात ताडपत्री, टॉर्च, रेनकोट, दोर, गमबूट, म्हणजे घराबाहेर लागेल ते सगळं मिळायचं. फक्त बायकांच्या मापाचे गमबूट नव्हते. सोयाबीन सोंगणाऱ्या, म्हणजे विळ्यानं कापणाऱ्या बाया, साप निघणार त्यांच्याच पायाशी, आणि बूट तेवढे पुरुषांना! दोन वर्षं काउंटर सांभाळणाऱ्या वैभवीला याचा भारी राग. तिनं मालकाच्या मागे लागून लहान नंबरचे बारा जोड मागवले.

"नाही खपले त तू घरी बसजो," उकंडरावांनी बजावलं. "मंग माह्या नावानं रडजो नोको."

घरी बसणं म्हणजे लगेच लग्नाची बोलणी, हे वैभवीला पक्कं ठाऊक होतं.

बाया काही दुकानात येत नाहीत. बायकोच्या पायाएवढी काडी मोडून नवरा खिशात आणतो, चपलाही अशाच घेतो. वैभवीनं बुटात काड्या घालून मापं जुळवली आणि आठवड्यात बाराही जोड गेले. तिचे पाय जमिनीवर ठरेनात. पुढच्या बाजाराला सात जोड परत आले. "पायच जात नाही," एवढंच नवरे सांगत. काडी तर बरोब्बर बसत होती! उकंडरावांना हसू आवरेना, हिला रडू.

आठवा जोड घेऊन किन्हीराजाच्या चतुराबाई स्वतःच आल्या. खाली बसल्या, पाय घातला, मध्येच अडकला. वैभवीनं आत हात घालून चाचपलं आणि कपाळावर हात मारला. जोडवी! चांगली जाड, चांदीची. काडीला कुठं जोडवी असतात? आणि बिनलग्नाच्या पोरीला हे सुचणार कसं?

"काकू, एक नंबर मोठा लागते तुमाले. माल याले पंधरा दिवस लागतीन."

"पंधरा दिवसात सोंगणी सरते, माय." चतुराबाईंनी जोडवी काढून पदराच्या गाठीला बांधली.

दारातून नवरा ओरडला, "अवो, काय करून राह्यली? मी जिता हाये ना अजून!"

"तुमी जिते हा, चांगलं हाये. आता मले बी जिती राहू द्या."

बूट घालून त्या भर बाजारातून निघाल्या. नवरा चार पावलं मागे.

मग उकंडरावांनी कंपनीला फोन लावला. "बायकांचे दोन डझन धाडा. एक नंबर मोठे." फोन ठेवून ते वैभवीवर खेकसले, "उभी काहून? ते सात जोड पुढं मांड. पोरीबाळीले होतीन."